तिरक्या फेकीचं गणित: सूत्र आठवण्याआधी दोन रकाने आखा

अकरावी सायन्सच्या वह्या तपासताना एकच चूक वर्षानुवर्षं समोर येते. गणितातला चेंडू गच्चीवरून फेकलेला असतो आणि वहीत पहिल्याच ओळीला पल्ल्याचं, म्हणजे चेंडू आडवा किती लांब पडेल याचं, सूत्र असतं. ते सूत्र चालतं फक्त ज्या पातळीवरून फेकला त्याच पातळीवर पडणाऱ्या चेंडूला. पुढची आकडेमोड बिनचूक, अक्षर सुरेख, आणि उत्तर सात मीटरनं चुकलेलं.

ही मुलं हुशार असतात. त्यांचा क्रम चुकतो, एवढंच. त्यातून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांवर अकरावीत सगळी परिभाषा एकदम इंग्रजीतून येते, मग अर्थ बाजूला राहतो आणि सूत्रं पाठ होतात. मीही सुरुवातीची काही वर्षं फळ्यावर चार सूत्रं चौकटीत लिहून द्यायचो. नंतर ते बंद केलं, कारण प्रश्न जरा वळवला की मुलं त्या चौकटीत अडकून बसायची. खाली जो क्रम दिला आहे तो पेपरात, घरी आणि मैदानावरही चालतो. एकही टप्पा गाळू नका. पहिले दोन फार सोपे वाटतील, पण सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात.

## आधीची तयारी

एकक. वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर आधी मीटर प्रति सेकंद करून घ्या: ५ नं गुणा, १८ नं भागा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे २० मी./से. आकडा लहान झाला पाहिजे. मोठा झाला तर गुणाकार-भागाकार उलटा झाला आहे.

कोन कुठून मोजला आहे. ‘क्षितिजाशी ३०°’ आणि ‘उभ्या रेषेशी ३०°’ या दोन वेगळ्या फेकी आहेत. उभ्या रेषेपासून दिला असेल तर ९० मधून वजा करा, आणि वहीत ‘क्षितिजाशी कोन = ६०°’ असं शब्दांत लिहा. मनात ठेवलेला कोन तिसऱ्या ओळीपर्यंत टिकत नाही.

कॅल्क्युलेटर. गणित सुरू करण्याआधी साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९८८ आलं तर यंत्र रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे, ते डिग्रीवर आणा. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते: साइनच्या तक्त्यात मिनिटांचा फरक मिळवायचा असतो, कॉसच्या तक्त्यात तो वजा करायचा असतो, कारण कोन वाढला की कॉस घटतो. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून लॉग टेबलची नवी पुस्तिका आणून ती थेट परीक्षेत उघडणारी मुलं इथेच फसतात. आठवडाभर आधीपासून तीच पुस्तिका वापरा.

गुरुत्वीय त्वरण. ९.८ मी./से.² धरा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे इथलं खरं मूल्य ९.७८ च्या आसपास येतं. ९.८ धरल्यानं पडणारा फरक हजारात दोनहून कमी आहे. प्रश्नात १० धरा असं सांगितलं असेल तर १० च धरा, पण एकाच गणितात अर्धं ९.८ नं आणि अर्धं १० नं करू नका.

## टप्पा १: चित्र काढा आणि शून्य कुठे ते ठरवा

चित्र सुंदर नको, खरं हवं. त्यात तीनच गोष्टी असू द्या: चेंडू कुठून सुटला, कुठे पडला, आणि या दोन जागांच्या उंचीत फरक आहे का.

जिथून चेंडू सुटतो तिथे शून्य ठेवा. वरची दिशा धन, खालची ऋण. गुरुत्वीय त्वरण खाली आहे म्हणून ते उणे ९.८, चेंडू वर जात असला तरी आणि खाली येत असला तरी. ‘वर जाताना उणे, खाली येताना अधिक’ असं काही मुलं शिकून आलेली असतात. ती पद्धत सरळ वर फेकलेल्या दगडाचे दोन तुकडे करून सोडवताना कशीबशी निभावते. तिरक्या फेकीत तिनं गोंधळ होतो. एकदा दिशा ठरवली की गणित संपेपर्यंत ती बदलायची नाही.

> तपासणी: चित्रात पडण्याची जागा सुटण्याच्या जागेच्या वर आहे, खाली आहे की समान पातळीवर? उत्तर एका शब्दात चित्राशेजारी लिहा. पुढे कोणतं सूत्र चालेल हे त्या शब्दावर ठरतं.

## टप्पा २: वेगाचे दोन घटक करा

चेंडू २० मी./से. वेगानं, क्षितिजाशी ३०° करून मारला आहे असं समजू. हेच उदाहरण काही टप्पे चालवू.

आडवा वेग = २० × कॉस ३०° = २० × ०.८६६ = १७.३२ मी./से.
उभा वेग = २० × साइन ३०° = २० × ०.५ = १० मी./से.

इथे साइन-कॉसची अदलाबदल ही रोजची चूक. ‘दोन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज मूळ वेगाच्या वर्गाइतकी आली, म्हणजे बरोबर’ अशी तपासणी मुलं करतात. ३०० अधिक १०० बरोबर ४००, हे खरंच. पण घटक उलटे लिहिले तरी बेरीज ४०० च येते, म्हणून ती तपासणी अर्धवट आहे. तिच्या जोडीला आकाराकडे बघा: कोन ४५° पेक्षा लहान असेल तर चेंडू आडवा जास्त धावतो, म्हणून आडवा घटक मोठा हवा. कोन मोठा असेल तर उभा घटक मोठा हवा.

> सावधान: २० हा आकडा आता बाजूला ठेवा. यापुढे कुठल्याही समीकरणात अख्खा वेग घालायचा नाही. ‘उंची = २० × वेळ वजा…’ असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा.

## टप्पा ३: दोन रकाने आखा

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘आडवं’, उजवीकडे ‘उभं’.

आडवं: वेग १७.३२, त्वरण शून्य, म्हणून वेग शेवटपर्यंत १७.३२ च.
उभं: सुरुवातीचा वेग अधिक १०, त्वरण उणे ९.८.

डाव्या रकान्यासाठी एकच समीकरण लागतं:

आडवं अंतर = आडवा वेग × वेळ

उजव्या रकान्यासाठी दोन:

उभा वेग = सुरुवातीचा उभा वेग − ९.८ × वेळ
उभं अंतर = सुरुवातीचा उभा वेग × वेळ − ४.९ × (वेळ)²

ही तीन आली की पल्ला, कमाल उंची, उड्डाणकाळ ही सगळी सूत्रं यांच्यातूनच निघतात, वेगळी पाठ करावी लागत नाहीत. डाव्या रकान्यातली कुठलीही संख्या उजवीकडे जात नाही आणि उजवीकडची डावीकडे येत नाही. रेघ ओलांडते ती फक्त वेळ. चेंडू आडवा जितके सेकंद जातो तितकेच सेकंद तो उभा वर-खाली होत असतो, कारण चेंडू एकच आहे. म्हणून जवळजवळ प्रत्येक गणिताचा रस्ता सारखाच असतो: एका रकान्यातून वेळ काढायची आणि दुसऱ्या रकान्यात घालायची.

वर्गातल्या एका मुलीनं वहीत ती रेघ लाल पेननं मारली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरात ‘वेळ’ असं लिहिलं होतं. मला ती युक्ती इतकी आवडली की आता मी सगळ्यांना तसंच करायला सांगतो.

## टप्पा ४: वेळ काढा (पातळी समान असेल तर)

सर्वांत वरच्या बिंदूला उभा वेग शून्य होतो. ० = १० − ९.८ × वेळ, म्हणून वर जायला १.०२ सेकंद. पातळी समान असल्यामुळे खाली यायलाही तेवढाच वेळ, म्हणून एकूण २.०४ सेकंद.

‘पातळी समान असल्यामुळे’ हे शब्द वहीत लिहा. दुप्पट करण्याची परवानगी तेवढ्यामुळेच मिळते. गच्चीवरून फेकलेल्या चेंडूची चढण्याची वेळ दुप्पट केली की उत्तर चुकलंच.

> सावधान: सर्वांत वर चेंडू थांबत नाही. तिथे फक्त उभा वेग शून्य असतो, आडवा १७.३२ तसाच असतो. आणि त्वरण तिथेही ९.८ च, खालच्या दिशेनं. ‘वरच्या बिंदूला वेग आणि त्वरण दोन्ही शून्य’ हा पर्याय वस्तुनिष्ठ पेपरात मुद्दाम ठेवलेला असतो.

## टप्पा ५: उंची, पल्ला आणि मधली भिंत

कमाल उंची: उभ्या रकान्यात १.०२ सेकंद घाला. १० × १.०२ − ४.९ × १.०४ = ५.१० मीटर.

पल्ला: आडव्या रकान्यात २.०४ सेकंद घाला. १७.३२ × २.०४ साधारण ३५.३ मीटर येतो. वेळ आणखी एका दशांशापर्यंत, २.०४१ धरला तर ३५.३५ येतो. मधल्या पायऱ्यांवर तीन दशांश ठेवा, शेवटी एकदाच पूर्णांकित करा.

पाठ केलेलं सूत्र वापरायचंच असेल तर ते असं: वेगाचा वर्ग × साइन (कोनाची दुप्पट) ÷ ९.८. इथे ४०० × साइन ६०° ÷ ९.८ = ३५.३५. कोनाची दुप्पट करून मग साइन घ्यायचं आहे. आधी साइन घेऊन मग दुप्पट केली तर ०.८६६ च्या जागी १ येतो आणि पल्ला ४०.८ मीटर होतो. हा आकडा दिसायला इतका साधा असतो की शंकाही येत नाही.

> तपासणी: समान पातळीच्या फेकीत उंचीला पल्ल्यानं भागा. उत्तर कोनाच्या टॅनच्या पावपट आलं पाहिजे. ५.१० ÷ ३५.३५ = ०.१४४, आणि टॅन ३०° चा पाव ०.१४४. जुळलं.

आता भिंत. समजा मैदानाच्या कडेला, मारणाऱ्यापासून ३० मीटरवर, ३ मीटर उंच कंपाउंड आहे. चेंडू पलीकडे जाईल का? दहा जणांना विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, ‘जाईल. पल्ला ३५ मीटर आहे आणि उंची ५ मीटर.’ दोन्ही आकडे खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे, कारण ५ मीटर उंची मध्यावर, १७-१८ मीटरवर असते. भिंतीपाशी चेंडू बराच खाली आलेला असतो.

रकान्यांनी करा. आडवा रकाना: ३० ÷ १७.३२ = १.७३२ सेकंद. ही वेळ रेघ ओलांडून उभ्या रकान्यात न्या: १० × १.७३२ − ४.९ × ३ = १७.३२ − १४.७० = २.६२ मीटर. चेंडू भिंतीच्या माथ्याखाली ३८ सेंटिमीटरवर आदळतो.

‘अमुक अंतरावर किती उंच’ असा प्रश्न आला की वेळ आडव्या रकान्यातून मिळते. ‘अमुक उंचीवर असताना किती लांब’ असा आला तर उभ्यातून. एवढं ओळखता आलं की अर्धं गणित झालं.

## टप्पा ६: उंचीवरून फेक

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या.

जुन्या वाड्याची गच्ची समजा. हातातून चेंडू सुटतो ती जागा अंगणापासून ८ मीटर उंच. वेग १५ मी./से., कोन ४०° वर. अंगण सपाट आहे. चेंडू वाड्यापासून किती लांब पडेल?

१. घटक: आडवा १५ × ०.७६६ = ११.४९. उभा १५ × ०.६४३ = ९.६४.

२. चित्राशेजारचा शब्द: ‘खाली’. शून्य हाताशी ठेवला आहे, म्हणून जमीन उणे ८ वर.

३. उभा रकाना: −८ = ९.६४ × वेळ − ४.९ × (वेळ)².

४. सगळं एका बाजूला आणा: ४.९ × (वेळ)² − ९.६४ × वेळ − ८ = ०.

५. वर्गसमीकरण सोडवा: वेळ = (९.६४ + √(९२.९ + १५६.८)) ÷ ९.८ = (९.६४ + १५.८०) ÷ ९.८ = २.५९६ सेकंद.

६. आडवा रकाना: ११.४९ × २.५९६ = २९.८ मीटर.

सूत्र थेट लावलं असतं तर २२५ × साइन ८०° ÷ ९.८ म्हणजे २२.६ मीटर आलं असतं. सुरुवातीला सांगितलेले सात मीटर ते हेच. सूत्रानं चेंडू परत गच्चीच्या पातळीला येईपर्यंतचं अंतर सांगितलं. तिथून अंगणापर्यंतचा उरलेला प्रवास त्याच्या हिशेबातच नाही.

आता चिन्हाची चूक. तिसऱ्या पायरीला उणे ८ ऐवजी अधिक ८ लिहिलं तर वर्गमुळाखाली ९२.९ − १५६.८ येतं, म्हणजे ऋण संख्या. मुलं इथे घाबरतात, चिन्ह गुपचूप खोडतात आणि पुढे जातात. तसं करू नका. वर्गमुळाखालची ती ऋण संख्या तुम्हाला काहीतरी सांगतेय. तुम्ही समीकरणाला विचारलं, ‘चेंडू हाताच्या ८ मीटर वर कधी पोचतो?’ आणि ते म्हणालं, ‘कधीच नाही.’ खरंच आहे, हा चेंडू हाताच्या वर जेमतेम पावणेपाच मीटर जातो. तेव्हा वर्गमुळाखाली उणे आलं तर मागे जा आणि शून्य कुठे ठेवला होता ते बघा.

वर्गसमीकरणाचं दुसरं उत्तर उणे ०.६३ सेकंद येतं. ते सोडायचं, कारण चेंडू शून्य सेकंदाला सुटला आहे. पण पेपरात ते लिहून, मग ‘वेळ ऋण असू शकत नाही’ असं म्हणून सोडा. त्या ओळीमुळे तपासणाऱ्याला तुमचा विचार दिसतो.

> तपासणी: जमिनीवर आदळतानाचा वेग दोन वाटांनी काढा. पहिली वाट: उभा वेग ९.६४ − ९.८ × २.५९६ = −१५.८०, आडवा ११.४९, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १९.५ मी./से. दुसरी वाट ऊर्जेची: √(२२५ + २ × ९.८ × ८) = √३८१.८ = १९.५. दोन्ही जुळले म्हणजे वेळेची आकडेमोड बरोबर आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि त्या आकडेमोडीतली चूक ती पकडते.

चेंडू वर न फेकता खालच्या बाजूला तिरका फेकला असेल तर बदल एकच: सुरुवातीचा उभा वेग उणे घ्या. अगदी आडवा फेकला असेल तर तो शून्य. पद्धत तीच.

यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. ४५° ला पल्ला सर्वांत जास्त, हे समान पातळीलाच खरं आहे. पडण्याची जागा खाली असेल तर सर्वोत्तम कोन ४५° पेक्षा कमी असतो. गोळाफेकीत गोळा हातातून साधारण २ मीटर उंचीवर सुटतो. वेग १३ मी./से. धरला तर हिशेबानं उत्तम कोन ४२° येतो. खेळाडू प्रत्यक्षात त्याहूनही कमी कोनात फेकतात, कारण जास्त चढ्या कोनात हाताला तेवढा वेग देता येत नाही. कोन बदलला तरी वेग तोच राहतो, हे गणितानं मानलेलं असतं, शरीर ते मानत नाही.

## टप्पा ७: उलटा प्रश्न, कोन शोधायचा असेल तर

मित्र पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभा आहे. तुमच्या हातापासून तो आडवा १० मीटर लांब आणि ४ मीटर वर आहे. तुम्ही १५ मी./से. वेगानं फेकता. कोन किती ठेवायचा?

इथे वेळही माहीत नाही आणि कोनही नाही. आडव्या रकान्यातून वेळ = १० ÷ (१५ × कॉस) अशी अक्षरातच लिहा आणि उभ्या रकान्यात घाला. एक युक्ती लागते: १ भागिले कॉसवर्ग म्हणजे १ अधिक टॅनवर्ग. मग फक्त टॅन उरतो:

४ = १० × टॅन − २.१७८ × (१ + टॅन²)

२.१७८ कुठून आला? ९.८ × १०० ÷ (२ × २२५). सोडवल्यावर टॅन ०.७३६ किंवा ३.८५६, म्हणजे कोन ३६.३° किंवा ७५.५°.

दोन्ही उत्तरं खरी आहेत. इथे एक सोडून देण्याची सवय नडते. कुठला कोन घ्यायचा हे जागा ठरवते. ३६° नं फेकलेला चेंडू पाऊण सेकंदाच्या किंचित पुढे, जवळजवळ आडवा होत मित्राच्या हातात येतो. ७५° नं फेकलेला पावणेअकरा मीटर उंच जाऊन वरून येतो, म्हणजे गॅलरीवर छप्पर असेल तर तो आधी छपरावर पडणार.

> तपासणी: दोन्ही कोनांची बेरीज ९०° अधिक मित्राकडे सरळ बघण्याच्या रेषेचा कोन इतकी हवी. टॅन ०.४ चा कोन २१.८°. बेरीज १११.८°. आणि ३६.३ अधिक ७५.५ म्हणजे १११.८. मित्र समान पातळीवर असता तर बेरीज ९०° आली असती. ३०° आणि ६०° चा पल्ला सारखा, हे त्याचंच एक रूप.

## टप्पा ८: हवेचं काय?

वरच्या सगळ्या गणितात हवा नाही असं मानलं आहे. पेपरात तेच अपेक्षित असतं. पण प्रत्यक्षात मोजायला जाल तर अंदाज हवा. क्रिकेटचा सिझनचा (चामड्याचा) चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. २० मी./से. वेगाला त्याच्यावरचा हवेचा रोध साधारण त्याच्या वजनाच्या पावपट भरतो आणि वेग दुप्पट झाला की रोध सुमारे चौपट. म्हणून खरा षटकार हिशेबापेक्षा बराच आधी पडतो. गोळाफेकीचा गोळा जड आणि लहान असल्यामुळे त्याला फरक नगण्य. बॅडमिंटनच्या शटलला हे गणित लावूच नका. भाल्यालाही जपून लावा, हवा त्याला अडवतेही आणि उचलूनही धरते. टोकियोत २०२१ साली नीरज चोप्रानं फेकलेला ८७.५८ मीटरचा भाला फक्त या दोन रकान्यांत बसवता येत नाही.

## टप्पा ९: पाण्याच्या नळीनं पडताळा

सोसायटीच्या झाडांना पाणी घालायची वेळ निवडा आणि धार झाडांच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी वाया जाणार नाही. लागतं ते एवढंच: नळी, मोजपट्टी, कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधायला एक जड नट.

१. नळीचं तोंड जमिनीपासून १ मीटर उंचीवर, अगदी आडवं धरा. धार जिथे पडते तिथे खडूनं खूण करा. तोंडाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून अंतर मोजा, तुमच्या पायापासून नाही.

२. आडव्या धारेला १ मीटर पडायला √(२ ÷ ९.८) = ०.४५२ सेकंद लागतात. अंतर २.२६ मीटर आलं तर वेग ५ मी./से. तुमचा आकडा वेगळा येईल. तोच घ्या.

३. आता नळी ३०° वर करा. कोनमापकाची सरळ बाजू नळीला लावून मध्यातून दोरा सोडा. नळी आडवी असताना दोरा ९० वर असतो. ३०° उचलली की तो ६० किंवा १२० दाखवतो. ९० पासून किती सरकला तो तुमचा कोन. दोऱ्यावरचा आकडा तसाच लिहिला तर तयारीतली ‘उभ्या रेषेशी कोन’वाली चूक इथे परत होते.

४. धार बघण्याआधी टप्पा ६ प्रमाणे उत्तर काढून कागदावर लिहा. ५ मी./से. आणि १ मीटर उंचीला ३०° साठी ३.३५ मीटर येतं. ४५° साठी ३.३२. ६०° साठी २.६८.

५. मग मोजा. प्रत्येक कोन तीनदा. टाकीतलं पाणी उतरलं की दाब बदलतो, म्हणून सगळं एका बैठकीत करा आणि शेवटी पहिली, आडवी मोजणी पुन्हा घ्या. ती बदलली असेल तर वेगही बदलला आहे.

धार टोकाला फुटते, त्यामुळे ३० आणि ४५ मधला ३ सेंटिमीटरचा फरक दिसणार नाही. पण ३० आणि ६० मधला ६७ सेंटिमीटरचा फरक लांबूनही दिसतो. पाठ केलेल्या सूत्रानं हे दोन्ही पल्ले सारखेच, २.२१ मीटर, यायला हवे होते. खडूच्या त्या दोन खुणांमधल्या जागेत उभं राहून मुलांना विचारा: नळी जमिनीवर टेकवली तर या खुणा कुठे सरकतील? आणि मग टेकवून बघा.